पहिली किटली

किल्ल्याचं तळघर, २४ जानेवारी १९८०

प्रिय ताई,

ख्यालीखुशाली नंतर लिहितो, आधी कामाचं. तुमच्या कोंब-नॉयरच्या चीजची नोव्हेंबरची चाकं नीट वाजत नाहीत.

सोमवारी मी इथे तळघरात, मुरत ठेवलेल्या तुमच्या गावाच्या चाकांच्या फळ्यांपाशी आलो. नेहमीसारखा हातोडी मारत, कान देत चाललो होतो. चांगलं चाक ठोकलं की आवाज आतल्या आत बसतो. तुमच्या पंधरा नोव्हेंबरच्या चाकाने तो परत फेकला, रिकाम्या पिंपासारखा. मग चार चाकं कापली. पोटात आडव्या भेगा, बोट जाईल एवढी भोकं, आणि ओकारीसारखा आंबूस वास. गावात कुणाच्या तरी दुभत्या गाई मुरघास खातायत. आंबलेल्या चाऱ्यातलं ते बी दुधात उतरतं, कढईच्या आचेने मरत नाही, आणि दोन-तीन महिने चाकात झोपून मग जागं होतं. बाबा म्हणतात ना, चीज उशिरा बोलतं.

नोव्हेंबरच्या एकशे ऐंशी चाकांपैकी एकशे तीस गेली. ती वितळवून डब्यात भरायला जातील. पण प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. संघ एकतीस गावांचं चीज एकाच नावाने विकतो. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला कोंब-नॉयर कुठे आहे हे माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. त्याच्या दुकानात एक चाक फुटलं तर तो एकतीस गावांचा माल परत पाठवील. म्हणून संचालकांनी ठरवलंय: फेब्रुवारी संपायच्या आत सोसायटीने त्या सभासदाचं नाव शोधून, त्याचं दूध बंद केल्याचा ठराव पाठवायचा. नाहीतर तुमच्या गावाची पट्टी काढून घेणार. चाकावर चिकटवायची ती नंबराची पट्टी गेली की चीज करणाऱ्या त्रिबूलेची कढई थंड, आणि तुमचं दूध टँकरने पावडरीच्या कारखान्यात.

बाबांना एवढ्यात सांगू नकोस. मुरघासबंदीचा नियम त्यांनीच केला. त्यांच्या जिवाला लागेल.

आन्सेल्म


कोंब-नॉयर, ३ फेब्रुवारी

प्रिय आन्सेल्म,

बाबांना न सांगणं जमलं नाही. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी त्रिबूलेकडे संघाचाही कागद आला, आणि दूधघरात बाबांच्या आधी कोण पोचतं? त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "अठरा घरं आहेत. अठरांपैकी एकाने लाज सोडलीय."

गेला उन्हाळा तुला आठवत असेल. जुलैभर पाऊस. गवत कापावं आणि ते तिथेच भिजावं. दर घरी काही ना काही गवत अर्धं ओलं आत गेलं असणार, आमच्याही. त्यामुळे मी कुणाकडे बोट दाखवायला बिचकते. पण सोसायटीची सचिव मी आहे, म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याचं नाव माझ्याच अक्षरात लिहिलं जाणार.

मंगळवारपासून त्रिबूलेने नळ्या लावल्या. कढई उघडली, म्हणजे बाबांची पहिली किटली तिच्यात पडली, की मग एकेकाचं दूध काट्यावर येतं. त्रिबूले प्रत्येकातून पळीभर काढून काचेच्या नळीत घालतो, वर मेणाचं बूच ओततो, नळ्या उबेत ठेवतो. दूध खराब असेल तर आत वायू होऊन मेण वर सरकतं. चार दिवसांनी आम्ही सतरा नळ्या खिडकीशी धरून पाहिल्या. सोळा नळ्यांत मेण होतं तिथेच होतं. सतराव्या नळीत ते तांदळाच्या दाण्याएवढं उठलं होतं. ती लेओन्सची.

मी त्याला विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं. पावसाला कंटाळून त्याने घरामागे खड्डा खणून थोडा मुरघास केला होता, कालवडींसाठी. कालवडी दुभत्या नाहीत, त्यामुळे नियम मोडत नाही. पण गोठा एकच.

तांदळाचा दाणा. मी वहीत तसंच लिहिलंय, "उठलं" असं नुसतं नाही.

बाबांकडे रविवारी जेवायला गेले होते. त्यांच्या जाड कोटाला नाताळपासून एक आंबट वास येतोय. म्हातारपणाचा असेल. मी तो धुवायला घरी आणला, तर रागावले. एकट्याने सहा गाई सांभाळतोय, कोट सांभाळता येत नाही का मला, म्हणाले.

ओडील


किल्ल्याचं तळघर, ८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मेण तांदळाएवढं उठलं म्हणजे उठलं. संघाला दाण्याची मापं कळत नाहीत, नाव कळतं.

मला हे लिहिताना बरं वाटतंय असं समजू नकोस. लेओन्स अनाथालयातून आपल्या घरी आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढची सहा वर्षं तो आणि मी एकाच पलंगावर झोपलो. त्याला जमीन मिळाली तेव्हा गावाने तोंडं वाकडी केली होती, "ना आई ना बाप, त्याला सोसायटीत वाटा?" आणि बाबांनी टेबलावर हात आपटून त्याला सभासद केलं, तेही मला आठवतं. पण नोव्हेंबरनंतर डिसेंबरची चाकंही आता पोकळ वाजायला लागलीयत. एकाला वाचवून सतरा घरं बुडवायची का?

सगळ्यांच्या नळ्या लावल्यात ना? ठरावात तसं स्पष्ट लिही, म्हणजे इथे कुणी खुसपट काढणार नाही.

आन्सेल्म


कोंब-नॉयर, २१ फेब्रुवारी

प्रिय आन्सेल्म,

सभा झाली. ठराव वेगळ्या पाकिटात पाठवलाय. "सर्व सभासदांच्या दुधाची तपासणी करून" असं वाक्य आहे त्यात. लिहिताना पेन अडखळलं होतं. का, ते तेव्हा कळलं नाही, आणि मी लिहिलं.

लेओन्स उभा राहून बोलला. मुरघास कालवडींनीच खाल्ला, दुभत्या गाईंच्या तोंडी त्याने दिला नाही. अध्यक्ष गिशारने विचारलं, शपथ घेतोस का? तो म्हणाला, "गोठा एकच आहे. रात्री कुठल्या गाईने मान लांब केली ते मी पाहिलेलं नाही. शपथ कशी घेऊ?"

"म्हणजे कबूलच की," गिशार म्हणाला. मागून कुणीतरी बोललं, ज्याला गवत वाळवता येत नाही त्याने ससे पाळावेत. लोक हसले. लेओन्सही थोडा हसला, सवयीने.

मग बाबा उठले. म्हणाले, "नियम आहे. माझा मुलगा असता तरी मी हेच म्हटलं असतं." लेओन्सने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आन्सेल्म. त्याचं तोंड उघडलं होतं. मला वाटलं आता हा जुनं काही काढणार, घरातलं. पण तो "बरं" एवढंच म्हणाला आणि बसला.

सतरा हात वर गेले. पहिला बाबांचा. माझा शेवटून दुसरा. शेवटचा नव्हता, हे मी स्वतःशी दोनदा मोजलं, आणि मोजलं याचीच लाज वाटली.

यापुढचं तुला सांगितलं पाहिजे. ठराव सोमवारचा. मंगळवारी संध्याकाळी लेओन्स दोन्ही किटल्या गाडीवर घालून आला आणि आपल्या जागेवर उभा राहिला, बाबांच्या मागे, दुसरा, गेली पंचवीस वर्षं उभा असतो तसा. त्याची पाळी आली तेव्हा त्रिबूलेने काट्यावर फडकं टाकलं. लेओन्स बाजूला झाला, सगळ्यांचं होईपर्यंत थांबला, मग दूधघरामागे जाऊन दोन्ही किटल्या बर्फात ओतल्या. काल पुन्हा तेच. आजही. ओतलेल्या दुधाचा पिवळा डाग रोज थोडा पुढे सरकतो. बाबा त्याला म्हणाले, "लेओन्स, थंडीत उभा राहू नकोस." तो म्हणाला, "सवय आहे, बाबा."

तो अजून बाबाच म्हणतो.

ओडील


कोंब-नॉयर, ३० मार्च

प्रिय आन्सेल्म,

तुझं पत्र आलं नाही, त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा मी घेते.

लेओन्सने गाई विकल्या. ज्या गोठ्याचं दूध सोसायटीने नाकारलं त्याच्या गाई शेजारपाजारी कुणी घेत नाही, म्हणून लांबचा व्यापारी आला. अकरा गाई. मी रस्त्यात होते. तो एकेकीला नावाने हाक मारून चढवत होता, आणि गळ्यातल्या घंटा काढून स्वतःच्या खांद्यावर घेत होता. शेवटी वाकून चालत होता. व्यापारी म्हणाला, घंटाही दे की, त्यांचं तू काय करणार? लेओन्स म्हणाला, वाजवीन.

ईस्टरनंतर तो मोर-व्हालच्या लाकडाच्या वखारीत कामाला जाणार. तिथेच खोली घेतलीय. मी भेटायला गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते, त्यातलं एक वाक्य बोलता आलं नाही. त्यानेच मला कॉफी दिली. विचारलं, "बाबांना हल्ली कॉफीचा वास येतो का गं?" मी म्हटलं, त्यांना आता कशाचाच नीट येत नाही, गेल्या हिवाळ्यातल्या त्या तापापासून. तो म्हणाला, "म्हणजे मला वाटलं तसंच." घर सोडताना माणूस म्हाताऱ्यांची चौकशी करतो, तशी केली असेल. मला रडू आलं आणि त्याला ते आवडलं नाही.

बर्फ वितळलं. दूधघरामागचा डाग गेला. तिथे आता नुसता चिखल आहे.

ओडील


किल्ल्याचं तळघर, ९ मे

प्रिय ताई,

खाली बसून वाच.

मार्चच्या पहिल्या आठवड्याची तुमची चाकं काल माझ्या हाताखाली आली. लेओन्सचं दूध बंद झाल्यानंतरची. ती वाजतात. तशीच, रिकामी. मी पट्ट्यांवरच्या तारखा तीनदा पाहिल्या. सहा कापली. तोच वास.

काल कामावरून आल्यावर तुझी सगळी पत्रं काढली. अठरा घरं. सतरा नळ्या. पहिली किटली कढईत पडते आणि मग पळी बुडते. तू लिहिलंस आणि मी वाचलं, दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बाबांच्या किटलीत पळी बुडवायची नाही हे आपल्याला जन्मापासून इतकं माहीत आहे की ते माहीत आहे हेच आपण विसरलो. सोसायटी मोडायला निघाली होती तेव्हा त्यांनी एकट्याने आपलं दूध कढईत ओतलं, त्याचा तो मान. मानाची किटली कोण तपासणार? आणि तो कोट, ताई.

आता ऐक. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ही चाकं मी वितळवायच्या ढिगात घालीन, म्हणीन की जुन्या दुधाचा दोष कढईला आणि भांड्यांना राहिला होता. गाई आता कुरणात आहेत, दूध आपोआप सुधारेल. उन्हाळ्यात तू वयाचं निमित्त करून त्यांच्या सहा गाई काढ. लेओन्सच्या गाई काही केल्या परत येत नाहीत. जे गेलं ते गेलं. बाबा एकोणऐंशीचे आहेत. त्यांच्याजवळ दुसरं काय आहे? तो नियम आणि ती किटली.

तुझ्यासमोर हात जोडतो. सांगू नकोस.

आन्सेल्म


कोंब-नॉयर, १७ मे

प्रिय आन्सेल्म,

तुझं पत्र आलं त्या दिवशी एकच गोष्ट केली. लेओन्सला लिहिलं, की चूक त्याच्या गोठ्यात नव्हती, कुठे होती ते आम्हाला कळलंय, आणि मी सभेपुढे सांगणार आहे. त्याचं उत्तर अजून नाही. मग पाच दिवस काहीच केलं नाही. तुझ्या म्हणण्यातलं खरं किती आणि सोयीचं किती हे ठरवत बसले. माझ्याही मनातलं. मला खरं बोलायचं होतं, की माझा हात वर गेला होता त्याची बोच दुसऱ्या कुणाला वाटून द्यायची होती? उत्तर सापडलं नाही. ते सापडेपर्यंत थांबायला हवं होतं की काय, कुणास ठाऊक.

काल बाबांच्या गोठ्यात गेले. उत्तरेच्या भिंतीमागे त्यांनी गेल्या ऑगस्टमधली दुसरी कापणी रचली होती, धूळ बसू नये म्हणून वर ताडपत्री घट्ट बांधून. हिवाळाभर गाईंना तेच दिलं. अजून कमरेएवढा ढीग आहे. मी ताडपत्री उचलली आणि डोळ्यांत पाणी आलं, इतका वास. हात घातला तर आत गरम होतं, काळपट, चिकट. खड्डा न खणता केलेला मुरघास. ज्यांनी तो बंद केला त्यांनी केलेला.

बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मूठभर उचललं, नाकाशी नेलं, आणि म्हणाले, "ओलं आलं होतं, पण छान सुकलंय बघ."

मी सांगितलं. तिथेच. वाजणारी चाकं, मार्चची तारीख, अठरावी नळी, सगळं. ते दूध काढायच्या तिवईवर बसले. मूठ उघडून हातातल्या गवताकडे पाहत राहिले. मला वाटलं विचारतील, किती चाकं गेली, संघ काय म्हणतो. त्यांनी विचारलं, "रांगेत लेओन्स माझ्या मागेच असायचा ना?"

मी म्हटलं, हो.

"मग त्याला वास आला असणार."

मी म्हटलं, बाबा, असं कसं, आला असता तर तो सभेत बोलला नसता का? भलते विचार करू नका. त्यांना धक्का बसलाय, काहीही बोलतायत असं मी समजले. त्यांनी मान हलवली आणि ताडपत्री पुन्हा बांधायला घेतली. गाठ मारता येईना, ती मी मारली.

संध्याकाळी ते किटली घेऊन आले नाहीत. त्रिबूले वाट पाहत थांबला. कढई कुणी उघडायची हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी गिशारने ओतलं. सभा एकोणतीसला आहे.

रागावला असशील. मला लिही तरी.

ओडील


मोर-व्हाल, १६ मे

ओडील,

पत्र पोचलं. मला उत्तर लिहायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. तीन वेळा लिहून फाडलं.

कुठे चूक होती ते तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. डिसेंबरपासून. मी त्यांच्या मागे उभा असतो. त्यांनी झाकण काढलं की वास यायचा. पहिल्यांदा वाटलं माझ्याच कपड्यांना येतोय, खड्ड्याचा. मग कळलं.

आधी म्हटलं, एकट्यात सांगू. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. काय सांगणार? तुम्हाला नाक राहिलं नाही, तुमचाच नियम तुम्हीच मोडला? सभेत ते माझा मुलगा असता तरी असं म्हणाले तेव्हा बोलणार होतो. पण त्यांनी मला मुलात धरलं की मुलाबाहेर ते कळेना, आणि वेळ गेली. संघाला एक नाव पाहिजे होतं. माझं नाव तसंही अनाथालयाने ठेवलेलं आहे.

मी नंतर रोज येऊन उभा राहत होतो ते गावाला लाजवायला नाही. त्यांचं दूध बाद व्हायला लागलं की मला कळावं, वास कमी होतोय का ते बघावं म्हणून. कमी होत नव्हता. तेव्हा गाई विकल्या. तिथे राहिलो असतो तर बोललो असतो.

चाकं बोलतील हे मला कळायला पाहिजे होतं. त्याचा विचार केला नाही.

एकच मागणं आहे. सभेत माझ्याबद्दल काय ते लिहा किंवा लिहू नका. बाबांना सांगू नको. त्यांच्या गाई वयाच्या नावाखाली काढ, तुला ते जमेल. अकरा गाई मी त्यासाठी दिल्या आहेत. त्या वाया जाऊ देऊ नको.

लेओन्स


कोंब-नॉयर, १ जून

प्रिय आन्सेल्म,

लेओन्सचं पत्र मला एकोणीस तारखेला मिळालं. त्याच्यावर सोळाची तारीख आहे. सोळाला मी गोठ्यात उभी होते. पत्राची नक्कल सोबत पाठवते. मूळ माझ्याजवळ आहे.

सभेत मी सगळं वाचून दाखवलं, लेओन्सचं पत्र सोडून. ससे पाळण्याबद्दल बोललेला माणूस सगळ्यात आधी उठून गेला. फेब्रुवारीचा ठराव रद्द झाला, नवा ठराव झाला: यापुढे प्रत्येक किटलीत पळी बुडेल, अपवाद नाही. तो बाबांनी मांडला. मग त्यांनी स्वतःचं दूध बंद करावं असाही ठराव मांडला. गिशार बाबांना म्हणाला, अहो कॉन्स्तान, गाई कुरणात आहेत, दूध आता चांगलं आहे. बाबा म्हणाले, "त्याचंही चांगलं होतं." हात वर करायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी एकट्याने केला, आणि ठराव मंजूर झाला असं लिही म्हणून मला सांगितलं. मी लिहिलं.

पट्टी राहिली. संघाचा कागद कालच आला.

तू विचारशील बाबा कसे आहेत. ते रोज संध्याकाळी येतात. किटली भरून आणतात. रांगेत पुढची जागा मोकळी सोडून दुसऱ्या जागेवर उभे राहतात, लेओन्सच्या. त्यांची पाळी आली की त्रिबूले काट्यावर फडकं टाकतो. बाबांनीच त्याला तसं बजावलंय. मग ते सगळ्यांचं होईपर्यंत थांबतात आणि मागे जाऊन किटली ओततात. आता बर्फ नाही, गवत वाढलंय, दूध लगेच जिरतं. मी त्यांना म्हटलं, बाबा, उभे राहू नका. ते म्हणाले, सवय करतोय.

काल परतताना त्यांनी मला विचारलं, लेओन्सचं काही आलं का? पत्र माझ्या खिशात होतं. माझा हात त्यावर होता.

मी म्हटलं, नाही.

ओडील